फक्त वाचण्यासाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात, तिसऱ्या गल्लीत,
हळदीच्या धुळीनं पिवळ्या पडलेल्या पायरीवर
मी चप्पल काढली, आणि बॅगेतून लॅपटॉप.
रायगोंडा मगदूम आणि कंपनी, अडत दुकान.
गादीवर बसाप्पा कोरे, मुनीम.
आडनाव कोरे, जन्म गेला लिहिण्यात.
मागं फडताळात लाल कापडाच्या वह्या,
त्यातल्या चार महापुरात भिजून
पापडासारख्या वाळलेल्या.

मी रोजचं बोललो:
वह्या आता ढगात ठेवायच्या, मालक.
पूर येऊ दे, उंदीर येऊ दे,
हिशेब वर सुखरूप.
महिन्याला इतके,
वर्षाचे एकदम दिले तर दोन महिने माफ.

मगदुमांनी सुपारी कातरली.
"म्हंजे विकत न्हाई?"
"भाड्यानं."
"आमचाच हिशेब, आमालाच भाड्यानं?"

यावर कंपनीनं पाठ करून घेतलेलं एक उत्तर असतं.
ते तोंडात आलंच नाही.
म्हणालो, हरिपूरची पेवं आठवतात?
जमीन दुसऱ्याची, हळद तुमची,
पावती खिशात, माल पंचवीस फूट खाली.
तेव्हा भाडं देत होताच की.

"देत हुतो. पर तोंड उघडताना
मी सोता काठावर उभा असायचो.
तुझ्या ढगाचं तोंड कुटं हाय?"

मला माहीत नाही.
कोण म्हणतं हैदराबादेत, कोण म्हणतं समुद्रापार,
थंडगार खोल्यांत, जिथं मी कधी गेलो नाही.
माझे वडील पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचे खाली.
ज्योत विझली की काठावर बसून
बिडी ओढत थांबायचे,
आतली हवा माणसाच्या लायकीची होईपर्यंत.
हे मी मगदुमांना सांगितलं नाही.
विक्रीच्या कामाचं नव्हतं.

कोरे तेवढ्यात पहिल्यांदा बोलले:
"आन् पैसे थकले तर?"
"तर फक्त वाचता येतं.
लिहिता येत नाही."
त्यांनी मान हलवली,
जणू कुणाच्या आजाराचं नाव कळलं.

तरी घेतलं. यार्डातल्या एक्केचाळिसांनी घेतलं
त्या हंगामात.
कोऱ्यांनी एका बोटानं पहिली नोंद टाकली: श्री.
खाली लाल अक्षरं उठली: रक्कम भरा.
पुन्हा श्री. पुन्हा रक्कम भरा.
मग थोडा वेळ पंख्याकडं बघून
त्यांनी एक लिहिलं.
श्री खाते, जमा रुपया एक.
आणि सदऱ्याच्या खिशातून नाणं काढून
गल्ल्यात टाकलं, हिशेब चुकू नये म्हणून.

दुसऱ्या वर्षी दर वाढले.
जुन्या योजनेचं नाव बदललं,
जीएसटीची पानं वरच्या योजनेत गेली.
मगदुमांच्या कार्डाची मुदत भाद्रपदात संपली,
नवं कार्ड त्यांनी भरलं नाही.
रागानं की विसरून, विचारायला
मलाच पाठवलं कंपनीनं.

दुकानात पोती कमी, उजेडही कमी.
कोरे स्क्रीनपुढं, चष्मा कपाळावर.
"काय करताय, काका?"
"वाचतोय. तेवढी मुभा हाय न्हवं."
मांडीवर नवी कोरी वही,
पहिल्या पानावर कुंकवानं श्री,
त्याखाली कुणी रक्कम मागत नव्हतं.
ढगातलं एकेक खातं ते
खाली उतरवून घेत होते, शाईनं.
नजर स्क्रीनवरून वहीवर येईस्तोवर
आकडा निसटत होता.

माझ्या फोनवर साहेबांचा निरोप आला:
मगदूम पक्के झाले का?
मी फोन पालथा ठेवला.
गादीच्या कडेला बसलो, लॅपटॉप माझ्याकडं वळवला.
"मी वाचतो. तुम्ही लिहा."

"अगदी पयल्यापासनं," ते म्हणाले, आणि टाक बुडवला.

"श्री खाते. जमा, रुपया एक."

ते हसले.
"तो नगं. तो माझा हाय."